एका कॅबमध्ये दोन जातींचे स्पीकर

गिटार अ‍ॅम्पच्या कॅबमध्ये (स्पीकरच्या लाकडी खोक्यात) वेगवेगळे स्पीकर बसवायचे म्हटलं की बहुतेकांची नजर आधी वॉटवर जाते. एक साठ वॉटचा, एक पंचवीसचा, चालेल का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर सोपं आहे, पुढे देतोच. पण जोडी जमणार की नाही हे वॉटवर ठरत नाही. ते ठरतं डेटाशीटमधल्या दुसऱ्याच एका आकड्यावर: सेन्सिटिव्हिटी. एक वॉट दिला तर एक मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो, तो आकडा.

उदाहरणाला मागून बंद असलेलं २×१२ (बारा इंची दोन स्पीकरचं) कॅब घेऊ आणि त्यात सगळ्यांच्या ओळखीची जोडी बसवू: सेलेस्टियन कंपनीचा जी१२एम ग्रीनबॅक आणि व्हिंटेज ३०. ग्रीनबॅक २५ वॉटचा, ९८ डेसिबल. व्हिंटेज ३० आहे ६० वॉटचा, १०० डेसिबल. दोघांचा रेझोनन्स, म्हणजे स्पीकरचा पडदा सगळ्यात सहज हलतो ती वारंवारता, ७५ हर्ट्झ. (नावातल्या तीसला फसू नका. व्हिंटेज ३० तीस वॉटचा नाही. जी१२एच-३० मात्र खरोखरच तीस वॉटचा आहे. ही दोन नावं एकमेकांत मिसळून जुन्या जी१२एचवर साठ वॉट सोडणारे लोक आहेत.) दोघांत फरक दोन डेसिबलचा. म्हणजे दोघांना सारखीच पॉवर मिळाली तर व्हिंटेज ३० साधारण १.६ पट ध्वनिशक्ती बाहेर टाकेल. तो थोडा पुढे राहील, पण ग्रीनबॅक झाकला जाणार नाही. हा फरक पचतो.

तीन डेसिबलपर्यंतही पचतो. जी१२टी-७५ ची सेन्सिटिव्हिटी ९७ आहे, आणि व्हिंटेज ३० बरोबर त्याची जोडी ४×१२ कॅबमध्ये वर्षानुवर्षं लोक वापरत आलेत. जी१२एम-६५ क्रीमबॅकही ९७ चाच. पण ९७ च्या शेजारी एमिनन्स विझर्डसारखा १०३ च्या आसपासचा स्पीकर बसवलात, तर सहा डेसिबलच्या फरकात तुम्हाला ऐकू येतो तो विझर्डच. दुसरा खोक्यात जागा अडवून बसतो. पैसे दोन स्पीकरचे, आवाज दीड स्पीकरचा.

इथे एक गैरसमज मोडायला हवा. तबला आणि डग्गा जसे कामं वाटून घेतात, तसं या दोन स्पीकरचं नसतं. मध्ये क्रॉसओव्हर (खालचे-वरचे सूर वेगळे करणारं सर्किट) नसतो, दोघांना सगळाच सिग्नल जातो. त्यामुळे ‘एक बास देईल, एक ट्रेबल देईल’ ही कल्पना अर्धीच खरी. दोघंही सगळं वाजवतात आणि हवेत त्यांची बेरीज होते. ती बेरीज सरासरीसारखी नसते. जिथे दोन्ही कोन (स्पीकरचे हलणारे पडदे) एकाच वेळी पुढे येतात तिथे आवाज वाढतो. जिथे एकाची हालचाल दुसऱ्याच्या मागे पडते तिथे दोघं एकमेकांना खातात. आणि गिटारच्या स्पीकरचा कोन एक हजार हर्ट्झच्या वर अखंड पत्र्यासारखा हलतच नाही, वेगवेगळ्या भागांत लहरतो. कोन कागदाचा की हेम्पचा, रिब असलेला की गुळगुळीत, डस्ट कॅप कसली, यावर ते लहरणं अवलंबून असतं. म्हणून दोन वेगळ्या स्पीकरची फेज (हालचालीचं मागे-पुढे असणं) मिडमध्ये, म्हणजे मधल्या सुरांत, आणि वरच्या मिडमध्ये जागोजागी वेगळी पडते.

आकड्यांत सांगायचं तर: तीन डेसिबलचा फरक असलेले दोन स्पीकर एखाद्या ठिकाणी पूर्ण जुळले तर मोठ्याच्या एकट्याच्या आवाजात ४.६ डेसिबलची भर पडते, आणि पूर्ण उलटे पडले तर तोच आवाज जवळजवळ ११ डेसिबलने खाली जातो. फरक सहा डेसिबलचा असेल तर भर साडेतीनची आणि खड्डा सहाचा. म्हणजे फरक जितका कमी तितकं मिश्रण जास्त ‘घडतं’, चांगलंही आणि वाईटही. मिश्र कॅबचा आवाज कधी कधी दोन्ही स्पीकरपेक्षा मऊ आणि रुंद वाटतो, त्यामागे हेच आहे. एकाचा टोकदार उंचवटा दुसऱ्याच्या फेजमुळे अर्धवट कापला जातो. व्हिंटेज ३० ला २ ते २.५ किलोहर्ट्झच्या आसपास उंचवटा आहे. बँडमध्ये गिटार पुढे येते ती या जागेमुळे आणि कान टोचतात तेही इथेच. ग्रीनबॅकचं चुंबक हलकं, बास थोडा सैल, वरचा भाग मवाळ. दोघं एकत्र आले की उंचवट्याची धार जाते, ग्रीनबॅकचा ढिला बास व्हिंटेजच्या जड चुंबकामुळे थोडा आवळल्यासारखा होतो. ही जोडी लोकप्रिय आहे ती उगाच नाही. फ्रीडमन कंपनीच्या ४×१२ मध्ये हेच दोन स्पीकर एकत्र असतात. मॅचलेसच्या डीसी-३० या अ‍ॅम्पमध्येही दोन वेगळे सेलेस्टियन मुद्दाम बसवलेले.

आता वॉट. दोन स्पीकरचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा अडथळा, ओहममध्ये) सारखा असेल तर पॉवर दोघांत निम्मी-निम्मी वाटली जाते. साठवाल्याला जास्त आणि पंचवीसवाल्याला कमी असं अ‍ॅम्प करत नाही, कारण स्पीकरच्या मागे किती वॉट छापलेत हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून कॅबची मर्यादा म्हणजे सगळ्यात दुबळ्या स्पीकरचे वॉट गुणिले स्पीकरची संख्या. आपल्या जोडीची मर्यादा ८५ नाही, ५० वॉट. चार स्पीकरच्या कॅबमध्ये दोन ग्रीनबॅक असले तर १००. आणि तीही काठावरची मर्यादा आहे. ५० वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प हा आकडा स्वच्छ आवाजावर मोजलेला असतो. तो पूर्ण डिस्टॉर्शनमध्ये गेला की वेव्ह चौकोनी होत जाते आणि तेवढ्याच पीकला निम्म्याहून अधिक जास्त पॉवर बाहेर पडू शकते. पन्नास वॉटचा हेड (स्पीकर नसलेला सुटा अ‍ॅम्प) पूर्ण उघडून वाजवायचा असेल तर या जोडीत ग्रीनबॅकऐवजी क्रीमबॅक घ्या, ६५ चा किंवा जी१२एच-७५. ३० वॉटच्या अ‍ॅम्पखाली ग्रीनबॅक आरामात राहतो. सेलेस्टियनचा अल्निको ब्लू तर अवघा १५ वॉटचा. त्याच्या शेजारी काहीही ठेवा, दोन स्पीकरच्या कॅबची मर्यादा तीसच.

ओहमचं गणित बहुतेकांना पाठ असतं, तरी घोळ इथेच होतो. दोन ८ ओहमचे पॅरललमध्ये ४, सिरीजमध्ये १६. दोन १६ चे पॅरललमध्ये ८. ट्यूब अ‍ॅम्पसाठी २×१२ बांधताना दोन १६ ओहमचे घ्या आणि पॅरलल जोडा, असं माझं सरळ मत. कारण सिरीजमध्ये एक वायर सुटली की अख्खं सर्किट तुटतं, अ‍ॅम्पपुढे लोडच उरत नाही, आणि ट्यूब अ‍ॅम्प लोडशिवाय जोरात वाजला की आउटपुट ट्रान्सफॉर्मर जायची वेळ येते. पॅरललमध्ये एक सुटला तर दुसरा लोड धरून ठेवतो. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचं उलट: त्याला लोड नसला तर सहसा काही होत नाही, पण छापलेल्या किमान ओहमच्या खाली गेलात तर तो तापतो आणि बंद पडतो किंवा जळतो.

सिरीज टाळायचं आणखी एक कारण फक्त मिश्र जोडीला लागू पडतं. स्पीकरचा ‘८ ओहम’ हा सगळीकडे ८ नसतो. रेझोनन्सपाशी तो पन्नास-साठच्याही वर उडी मारतो आणि वरच्या पट्टीत हळूहळू चढत जातो. सिरीजमध्ये व्होल्टेज इम्पीडन्सच्या प्रमाणात वाटलं जातं. एकाचा रेझोनन्स ५५ हर्ट्झ आणि दुसऱ्याचा ८५ असेल, तर ५५ पाशी पहिला जवळजवळ सगळं व्होल्टेज ओढून घेतो, ८५ पाशी दुसरा. दोघंही आपापल्या जागी घुमतात. पॅरललमध्ये दोघांना सतत तेच व्होल्टेज मिळतं, बास जास्त आटोक्यात राहतो. कुणाला ते घुमणं आवडतं, तो भाग वेगळा.

८ आणि १६ ओहमचे स्पीकर एकत्र जोडू नयेत असं सरसकट सांगितलं जातं. जोडता येतात, फक्त काय होतं ते माहीत हवं. पॅरललमध्ये एकूण ५.३ ओहम होतात आणि ८ ओहमवाला दोन तृतीयांश पॉवर घेतो, १६ वाल्याच्या दुप्पट, म्हणजे तीन डेसिबल जास्त. याचा मुद्दाम उपयोगही होतो: हळू स्पीकर ८ ओहमचा, मोठा १६ चा घेतला तर पातळ्या जुळून येतात. अ‍ॅम्पचा ४ ओहमचा टॅप (आउटपुटची जोडणी) वापरायचा. पण मग हळू स्पीकर जर २५ वॉटचा ग्रीनबॅक असेल तर कॅबची मर्यादा साडेसदतीस वॉटवर येते, हे विसरलात की तो आधी जातो.

पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनसची दिशा, तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. एकाच कंपनीचे दोन नवे स्पीकर असतील तर खुणा सहसा बरोबर असतात. पण दोन कंपन्यांचे, त्यात एक जुना, असं मिश्रण असेल तर लाल टर्मिनलवर विश्वास नाही. जुन्या जेबीएल स्पीकरमध्ये, डी१२०एफसारख्या, लाल टर्मिनलला प्लस दिला की कोन आत जातो. बाकीच्या जगात बाहेर येतो. शिवाय रिकोन केलेल्या (नवा कोन बसवलेल्या) स्पीकरमध्ये कॉइलच्या तारा उलट डागलेल्या असू शकतात.

तपासणी दोन मिनिटांची. स्पीकर सुटा, अ‍ॅम्प कुठेही जोडलेला नाही. दीड व्होल्टचा साधा पेन्सिल सेल घ्या, त्याच्या दोन्ही टोकांना वायर धरा आणि प्लस टोक लाल टर्मिनलला, मायनस दुसऱ्याला क्षणभर टेकवा. कोन टचकन बाहेर आला तर खूण बरोबर. आत गेला तर त्या स्पीकरच्या चुंबकावर मार्करने मोठ्ठं ‘उलटा’ लिहा आणि जोडताना वायरी अदलाबदल करा. हालचाल बारीक असते, टॉर्च बाजूने मारली तर स्पष्ट दिसते, किंवा कोनावर बोटाचं टोक हलकेच ठेवा. नऊ व्होल्टची बॅटरीही चालते, पण नुसती टेकवून काढायची. धरून ठेवली तर कॉइल तापते. सगळं जोडून झाल्यावर हीच तपासणी कॅबच्या जॅकमध्ये घातलेल्या केबलच्या दुसऱ्या टोकाला करा. प्लस टोक प्लगच्या टिपला. सगळे कोन एकाच दिशेला हलले पाहिजेत.

एक स्पीकर उलटा राहिला तर काय ऐकू येतं? बास गायब. आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा, आणि कॅबसमोर डोकं डावीकडून उजवीकडे नेलं की मधोमध एक विचित्र खड्डा. गंमत अशी की मिश्र जोडीत ही खूण कधी कधी फसवते. दोन वेगळ्या स्पीकरची फेज काही भागात आधीच वेगळी असल्यामुळे उलट जोडणीतही मिड ठीकठाक वाटतात आणि माणूस म्हणतो, ‘हा स्पीकर जरा पातळ आहे’. सहा महिने तसाच वाजवतो. बास गेला असेल तर आधी सेल काढा, ईक्यू नंतर.

वायरिंगसाठी १ किंवा १.५ स्क्वेअर एमएमची बारीक तारांची लवचिक वायर पुरते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत वायर, लग (टर्मिनलवर बसणारी क्लिप), जॅक सगळं एका फेरीत मिळतं. स्पीकरच्या टर्मिनलची पट्टी ६.३ मिलिमीटरची आहे की ४.८ ची, ते मोजून जा. एकाच कॅबमध्ये दोन मापं निघणं मिश्र जोडीत नेहमीचं आहे. लग दाबून बसवायचा आणि ओढून बघायचा. ढिला असेल तर पक्कडीने किंचित आवळा, नाहीतर जोरात वाजवताना मधेच आवाज तुटतो. सोल्डर केलं तर उत्तम, पण आयर्न टर्मिनलवर चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त नको. तिथूनच कोनाकडे जाणारी जाळीदार तार निघते आणि तिच्या मुळाशी सोल्डर चढलं तर ती कडक होऊन तुटते. गिटारची शील्ड असलेली केबल स्पीकरला लावू नका. अ‍ॅम्पपासून कॅबपर्यंत जाड दोन तारांची स्पीकर केबलच हवी.

जोडणी झाली की मल्टिमीटर जॅकवर. ८ ओहमचा स्पीकर डीसीवर साधारण ६ ते ७ दाखवतो, १६ चा १२ ते १३.५. त्यामुळे दोन १६ चे पॅरललमध्ये सहा-साडेसहा दिसले की काम बरोबर. बारा-तेरा दिसले तर एक स्पीकर जोडलाच गेलेला नाही. पंचवीस दिसले तर पॅरललऐवजी सिरीज झालंय. आकडा नाचत असेल तर कोन हलतोय. कॅबला हात न लावता मोजा.

बसवताना बारा इंची स्पीकरचं छिद्र साधारण २८३ मिलिमीटरचं आणि बोल्टचं वर्तुळ २९७ मिलिमीटरचं असतं, सेलेस्टियनचं तरी. दुसऱ्या कंपनीचा स्पीकर त्याच बोल्टवर बसेलच असं नाही, आधी फक्त टेकवून बघा. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, आलटून पालटून आवळायचे. गॅस्केट किंचित दबली की थांबा. पान्ह्याने जोर लावून आवळलं की पत्र्याची फ्रेम पिळली जाते, कॉइल चुंबकाच्या फटीत घासायला लागते, आणि मग खालच्या सुरांवर खर्रर्र असा आवाज येतो. तो बऱ्याचदा स्पीकर बिघडल्याचा नसून बोल्ट जास्त आवळल्याचा असतो. सगळे बोल्ट अर्धा फेरा सैल करून ऐका, निम्म्या वेळा प्रश्न तिथेच सुटतो. घासतंय का हे बघायला दोन्ही हातांची बोटं कोनावर समोरासमोर ठेवून अगदी हळू दाबा. सरसर ऐकू आली तर कॉइल घासते आहे.

वजन लक्षात घ्या. व्हिंटेज ३० चं वजन ४.७ किलो, ग्रीनबॅकचं ३.६. टी-नट (लाकडात ठोकायचे दातेरी नट) नसलेल्या, नुसत्या लाकडी स्क्रूवर टांगलेल्या जुन्या फळीत जड स्पीकर बसवला की प्रवासात स्क्रू उपसून येतात. फळी एमडीएफची असेल तर दोन पावसाळ्यांत स्क्रूभोवतीचा भाग फुगून भुसा होतो, कोकणात नि गोव्यात तर एकातच. अठरा मिलिमीटरचा प्लाय घ्या आणि टी-नट मागून ठोका.

बंद कॅबमध्ये दोन्ही स्पीकर एकाच हवेवर मागून दाबतात. एकाचं सस्पेन्शन मऊ आणि दुसऱ्याचं कडक असेल, तर खालच्या सुरांवर एकाची हालचाल दुसऱ्याच्या कोनाला मागून ढकलत राहते. कॅबच्या आतला मधला दांडा हा आधार असतो, पडदा नव्हे. त्याने हवा अडत नाही. रेझोनन्समध्ये फार फरक असेल तर मधे प्लायची पूर्ण फळी घालून दोन कप्पे करता येतात. रेझोनन्स सारखे असतील तर ही खटपट वाया. मागून उघड्या कॅबमध्ये हा प्रश्नच येत नाही, पण तिथे कोन जास्त हलतो, म्हणून कमी वॉटच्या स्पीकरला बास जपून द्यावा लागतो.

चार स्पीकरच्या कॅबमध्ये मांडणीचा वाद कायमचा आहे: तिरपे, इंग्रजी एक्ससारखे, की वर दोन एका जातीचे आणि खाली दोन दुसऱ्या? माझा कौल तिरप्या मांडणीला. वाजवणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर वरचे दोन येतात, आणि बारा इंची स्पीकर दीड-दोन हजार हर्ट्झच्या वर आवाज टॉर्चसारखा समोर फेकतो. वर दोन्ही व्हिंटेज ३० ठेवले तर वाजवणारा टोचणारा आवाज ऐकून ट्रेबल कमी करतो आणि समोरच्या लोकांना चिखल ऐकू येतो. तिरप्यात वर-खाली, डावी-उजवी, सगळीकडे एकेक पडतो.

त्या चारांची वायरिंगही निवडून करा. चार १६ ओहमचे असतील तर दोन रस्ते आहेत. दोन-दोन सिरीज करून त्या माळा पॅरलल, किंवा दोन-दोन पॅरलल करून ती जोडपी सिरीज. दोन्हीकडे एकूण १६ ओहमच. मिश्र कॅबमध्ये मला दुसरा बरा वाटतो: प्रत्येक जोडप्यात एक व्हिंटेज ३० आणि एक ग्रीनबॅक पॅरलल. मग दोन्ही जोडप्यांचा इम्पीडन्स सगळ्या सुरांवर सारखा राहतो, व्होल्टेज नेमकं निम्मं वाटलं जातं, आणि चारही स्पीकरना तेच व्होल्टेज मिळतं. यात एक धोका आहे, तोही सांगतो. एखादा व्हिंटेज ३० मधेच तुटला तर लोड २४ ओहम होतो आणि त्याच्या शेजारचा एकटा ग्रीनबॅक दोन तृतीयांश पॉवर झेलत बसतो. वाजता वाजता कॅबचा आवाज अचानक बदलला तर गाणं संपायची वाट पाहू नका, लगेच वाजवणं थांबवा.

आता ऐकणं. २×१२ मध्ये दोन केंद्रांत साधारण ३३ सेंटिमीटर अंतर असतं आणि एक हजार हर्ट्झची लहर ३४ सेंटिमीटरची. समोरून तीस अंश बाजूला उभे राहिलात की एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा सतरा सेंटिमीटर लांब पडतो, अर्धी लहर, आणि तिथे एक हजारच्या आसपास खड्डा पडतो. सारख्या स्पीकरमध्येही हे होतं. वेगळ्यांमध्ये खड्डे आणखी वेडेवाकडे. उपाय फुकटचा आहे: कॅब उभं ठेवा. स्पीकर एकावर एक आले की डावी-उजवीकडच्या सगळ्यांना तोच आवाज जातो, खड्डे छताकडे नि जमिनीकडे सरकतात. उभं ठेवलं तर वर मवाळ स्पीकर ठेवा, कारण तो कानाजवळ येतो.

माइकचं गणित याहून वेगळं. ग्रिलला टेकवलेला एसएम५७ माइक बहुतांशी समोरचाच स्पीकर ऐकतो. म्हणजे एका माइकने रेकॉर्ड केलं तर मिश्र कॅबचं मिश्रण टेपवर जवळजवळ येतच नाही. पण तीच सोय आहे: एका कॅबमध्ये दोन आवाज तयार असतात. दोन माइक लावायचे तर दोघांचं कोनापासूनचं अंतर सारखं ठेवा, कॉइल ग्रिलपासून किती आत आहे तेही बघून. मग एका चॅनेलची पोलॅरिटी उलटून ऐका. उलट केल्यावर आवाज पातळ झाला तर आधीचंच बरोबर होतं.

स्पीकर बाहेरून मागवण्याआधी जोडी ऐकायची असेल तर दोन आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे स्पीकर-माइकच्या आवाजाची छाप असलेल्या फाइल) घेऊन कोणत्याही आयआर लोडरमध्ये मिसळून बघा. दोन्ही फाइल एकाच माइकने, एकाच अंतरावरून घेतलेल्या असाव्यात आणि सुरुवात एकेका डिजिटल सॅम्पलपर्यंत जुळलेली असावी, नाहीतर तुम्ही स्पीकरऐवजी वेळेच्या फरकाचा खड्डा ऐकत बसाल. खोलीतला आवाज त्यातून कळत नाही, पण दोन उंचवटे एकमेकांवर चढतायत की एकमेकांना झाकतायत एवढं कळतं.

कुठल्या जोड्या? बँडमध्ये रिदम वाजवणाऱ्याला व्हिंटेज ३० बरोबर जी१२एच-७५ क्रीमबॅक. दोघंही १०० डेसिबल, पॉवरची चिंता नाही, बास भरीव. जी१२टी-७५ चे मिड आत गेलेले असतात. ज्यांच्याकडे चारही तेच असलेलं कॅब आहे आणि गिटार बँडमध्ये हरवते, त्यांनी दोन काढून तिथे व्हिंटेज ३० घालावेत, एवढ्यानेच भागतं. क्लीन आणि किंचित तुटणाऱ्या आवाजासाठी अल्निको ब्लू आणि जी१२एच-३० अ‍ॅनिव्हर्सरी, १५ ते २० वॉटच्या अ‍ॅम्पखाली. ही महाग जोडी आहे आणि गेन वाढवला की तिचं सगळं सौंदर्य मातीत जातं.

काय टाळावं? घरात पडून असलेला पीएचा (सभा-कार्यक्रमांच्या साउंड सिस्टिमचा) बारा इंची ड्रायव्हर. गिटारचा स्पीकर पाच हजारनंतर सरळ खाली येतो. पीएचा वर चालतच राहतो, आणि डिस्टॉर्शन लावलं की भजी तळल्यासारखी चरचर येते. शेजारचा ग्रीनबॅक कितीही गोड असला तरी ती झाकत नाही. गाडीतला वूफर त्याहून वाईट: सेन्सिटिव्हिटी नव्वदच्या आसपास किंवा खाली आणि इम्पीडन्स बहुधा ४ ओहम. पॅरललमध्ये तो पॉवर ओढून घेतो आणि आवाज काही देत नाही.

जुना आणि नवा स्पीकर एकत्र लावला तर पहिल्या दिवशी निकाल देऊ नका. नव्याचं सस्पेन्शन कडक असतं, बास आखडलेला, वरचा भाग करकरीत. दहा-वीस तास मध्यम आवाजात वाजला की रेझोनन्स थोडा खाली सरकतो आणि तो जुन्याच्या जवळ येतो. तोवर ईक्यूत फार हात घालू नका, नंतर तो पुन्हा फिरवावाच लागतो.

मागची फळी लावण्याआधी आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा: कुठला स्पीकर कुठे, प्रत्येकाचे ओहम, सिरीज की पॅरलल, जॅकवर मल्टिमीटरने दाखवलेला आकडा आणि तारीख. दोन वर्षांनी आवाज बिघडेल तेव्हा सोळा स्क्रू काढून आत डोकावल्यावर पहिली गरज याच ओळीची लागते.